गोधडीचं मधलं कापड

“तिच्या ट्रंकेत हाय म्हनं एक लुगडं. पन देती कशाला ती?”

शेजारच्या मावशी हे अगदी हळू बोलल्या, पण त्यांचं हळू बोलणं आमच्या अंबडच्या गल्लीत दोन-तीन घरांना ऐकू जायचं. मी आतल्या खोलीत कात्री शोधत होते. ओसरीवरून काकूने कापड फाडल्याचा लांब आवाज तेवढा आला. मी बाहेर गेले आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा करून काकूच्या शेजारी बसले. असा चेहरा करायची मला सवय होती.

लुगडं आईचं होतं. ती गेल्यावर तिचे कपडे रिवाजाप्रमाणे वाटून टाकले. त्यातलं एक सुती निळं लुगडं बाबांनी आपल्या हाताने माझ्या ट्रंकेत ठेवलं, कारण त्याच सुमाराला मला हैदराबादच्या इंग्रजी शाळेत बोर्डिंगला पाठवायचं ठरलं होतं. तेव्हापासून ते माझ्याबरोबर जालन्याहून रेल्वेने जायचं आणि सुटीत परत यायचं. बोर्डिंगात ते उशीखाली असे. घडी मी कधी मोडली नाही. झोपताना पदराचं टोक हातात धरायचं, एवढंच.

त्या उन्हाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाची गोधडी काकू करत होती. जपान-जर्मनीशी लढाईचे दिवस होते. नवं कापड कंट्रोलवर, कार्डावर मोजून मिळायचं, तेही जाडंभरडं. पण गोधडीला नवं कापड लागतं कुठे? घरातली सगळी जुनेरं धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकली होती. काकू एकेक कापड उन्हासमोर धरून बघायची. विरलं असेल तर दोन्ही अंगठ्यांनी ताणायची. फाटलं की ते गोधडीच्या पोटात, टिकलं की वर. मग ते गालाला लावायची. बाबांच्या कोर्टाच्या शेरवानीचं अस्तर असंच गालाला लावून तिने परत केलं. म्हणाली, वकिलाचं हाय, बाळाला रात्रभर जागं ठेवील.

काकू वाटूरकडची. तिची गोधडी कशी होणार, हे शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला कळत नसे. रोज सकाळी ती फक्त त्या दिवसाचं काम सांगायची. आज तांबड्याचे तिकोने. आज पिवळ्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या. आज काळ्याचा एकच तुकडा, नखाएवढा, दृष्टीसाठी. का, कुठे लावायचा, हे विचारायचं नाही. विचारलं तर म्हणायची, आधीच समजलं तर हात आळसावतात.

मला हे जड जायचं. शाळेत शिवणाच्या तासाला आधी कागदावर पुरतं चित्र काढायचं, मग कापडाला हात लावायचा. इथे मी डोळे मिटून चालल्यासारखी कापत होते. माझे तिकोने पट्टी लावून कापलेले, सगळे एकसारखे. मावशींनी एक उचलून ताईला दाखवला आणि म्हणाल्या, “आपली मेमसाब बघ, बाळाचं माप घेऊन राह्यली.” ताई पोट धरून हसली. मलाही हसू आलं, पण ते मी खाली मान घालून हसले.

गोधडीत काय निघणार यावर रोज चर्चा व्हायची. मावशींचं म्हणणं, सोंगट्यांचा पट. ताईला वाटे, चांदण्या. मला विचारलं की मी खांदे उडवायची. पण मी तुकडे बघत होते. सगळ्या पट्ट्या काठाच्या होत्या, सगळे तिकोने कडेच्या ओळीचे. मधलं असं काहीच आम्ही कापलं नव्हतं.

आमच्याकडे पहिल्या बाळाच्या गोधडीत मधोमध त्याच्या आईच्या आईचं लुगडं असतं. बाळाचं अंग त्याच्यावर टेकतं. हे मला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं. पण काकूचा एक नेम होता. गोधडीसाठी कापड कोणाला मागायचं नाही. मागून आणलेलं बाळाला टोचतं, असं ती म्हणायची. ज्याला द्यायचं त्याने आणून हातात द्यावं. म्हणून कोणीच मला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणता आलं असतं, रुसता आलं असतं. ताई तर ट्रंक असलेल्या खोलीत यायचंच टाळू लागली. तिच्याकडे आईचं काही नव्हतं. तिचं लग्न आई असतानाच झालं होतं, आणि आई गेली तेव्हा ती सासरी होती. दहाव्यानंतर आली तोवर कपडे वाटून झाले होते. हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा नीट उमगलं.

अखेर एका सकाळी काकूने ओसरी सारवून घेतली आणि वाळल्यावर तुकडे मांडायला घेतले. पिवळ्या पट्ट्यांची चौकट झाली, तिच्या आत तांबड्या तिकोन्यांची ओळ, कोपऱ्यांत हिरवे खण. माझे एकसारखे तिकोने टोकाला टोक भिडून बसले. बघता बघता भरल्या बाजाराचं गाव उभं राहिलं, आणि मधोमध सारवलेली जमीन तशीच.

“आन मधलं?” मावशींनी विचारलं आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

काकू उठली. आतून आपलं लुगडं घेऊन आली, संक्रांतीला नेसायचं, चांगलं धड. “हे लावून राह्यले,” ती म्हणाली. “मी पन आजीच लागते की त्याची.”

ताई म्हणाली, “हो काकू, बराबर आहे.” तिने ते मऊ आहे का हे हात लावून पाहिलं आणि हात तिथेच ठेवला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तिचं ते न बघणं मला सहन झालं नाही.

मी आत गेले. ट्रंक उघडली. इतक्या वर्षांत प्रथमच ती घडी मोडली, आणि आतल्या बाजूला निळा रंग अजून गडद होता. लुगडं घेऊन बाहेर आले आणि काकूच्या हातात दिलं.

काकूने ते उन्हासमोर धरलं. अंगठ्यांनी ताणलं नाही. गालाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पदर तुला राहू दे, माय. दुसऱ्या टोकानं घेते. बाळाला तेवढं पुरं हाय.”

दुसरं टोक मी आत्ताच घडी मोडताना पाहिलं होतं. ते निऱ्यांत खोचून खोचून जाड, रफू केलेलं, आमच्या कोणाच्या ओळखीचं नव्हतं. पदर मात्र आमचा होता. आधी ताईचा, मग माझा. त्याच्याखाली आम्ही दोघी आळीपाळीने झोपलो होतो, तोंडं पुसली होती, कोणी पाहुणे आले की त्याच्याआड मी लपले होते.

काकूने कात्री दुसऱ्या टोकाला लावली. ताईने डोळे मिटून घेतले होते. ओसरीवर सगळ्यांसमोर मी आपण होऊन बोलले.

“काकू, पदराकडून कापा.”