दाढेतली भिकबाळी

“थुंक आधी! मढ्याच्या तोंडातलं सोनं हाय त्ये, थुंक!” भागूबाई ओरडत होती, आणि तिचा तिशीतला किसन दाजी सोनाराच्या दुकानात आ वासून बसला होता. दाढेत नुकतंच बसवलेलं सोनं, ते चिकटवायचं लुकण अजून ओलं. आईनं मानगूट धरून हलवल्यावर त्यानं ते खरोखरच थुंकलं. पौडच्या बाजाराचा दिवस. एरवी मी सांगितलं असतं की अख्खी मुळशी तिथं लोटली होती. आज खरं सांगतो, पंधरा-वीस माणसं असतील. त्यांत मी होतो. दाजीनं ते सोनं धुळीतून उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी छपराची कौलं बघू लागलो...

दाजी गेला त्याला आता महिना झाला. श्रावणातल्या तापानं तीन दिवसांत आटोपलं. निरोप शाळेत आला तेव्हा मी पोरांना माझ्या आज्यानं वाघाला शेपटी धरून घाट चढायला लावल्याची हकिगत सांगत होतो. ती तशीच अर्धी राहिली.

दाजी मूळचा इथलाच, पण उमेदीची बारा वर्षं त्यानं पुण्याला लष्करातल्या एका गोऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली काढली. साहेब विलायतेला परतताना पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र त्याला देऊन गेला. आमच्याकडं दुखऱ्या दाढेला एकच औषध ठाऊक, चिमटा. दाजी म्हणायचा, मूळ शाबूत हाय तवर उपटायची कशापायी? किडलेला भाग तो कोरून काढायचा, खळग्यात ऊन मेण दाबून ठसा घ्यायचा, तो ठसा ओल्या मातीत पुरून भट्टीत ठेवायचा. मेण जळून जायचं आणि त्याच्या आकाराची पोकळी उरायची. मग तिच्या तोंडाशी सोनं वितळवून ते सगळं साखळीला बांधायचं आणि गोफणीसारखं गरगर फिरवायचं, की सोनं कानाकोपऱ्यात जाऊन बसायचं. दाढेचे कंगोरेच झडले असले तर वरून टोपीसारखं चढवायचा. एकदा साखळी निसटून सोनं थेट ताम्हिणीला उडालं आणि तिथल्या कावळ्याची चोच सोन्याची झाली, ही गोष्ट माझी. दाजी स्वतःच ती गिऱ्हाइकांना सांगून हसायचा.

आपल्या कामाची परीक्षा तो एकाच प्रश्नानं करायचा: “आन्न आडकत न्हाई न्हवं?” बाजारात, देवळात, कुठंही विचारायचा. एका नवरदेवाला तर त्यानं मंगलाष्टकं चालू असताना विचारलं, आणि हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. आपल्याकडं मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवतात. एका दुपारी पारावर गप्पांना रंग चढेना. मी सुरू केलं, की दाजी तिसऱ्या दिवशी नदीकाठी जातो, चितेची राख चाळतो आणि ते कण दाढांत भरतो. वर पुस्ती जोडली की पाटलाच्या दाढेत त्याच्या मेलेल्या सासूचं सोनं बसलंय, म्हणून तो जेवायला बसला की ती आतून शिव्या घालते. माणसं पोट धरधरून हसली. मला वाटलं, हसली आणि घरी गेली. पण ती गोष्ट माणसांबरोबर घरोघर गेली, वाटेत सासू गळून पडली आणि राख तेवढी उरली. चार बाजार झाले नाहीत तोच भागूबाई दुकानात उभी होती.

किसनची दाढ पुढं चिमट्यानंच निघाली. दाजीकडं दातासाठी येणं बंद झालं. यंत्रावर गोणपाट पडलं आणि तो जोडवी घडवत बसला. वर्षभरानं भातातल्या खड्यानं माझीच दाढ फुटली, आणि मी निर्लज्जासारखा त्याच्यापुढं जाऊन आ केला. त्यानं मन लावून दाढ कोरली, ठसा घेतला. मग विचारलं, “मास्तर, तुमी लिवतं-वाचतं मानूस. ह्ये राखंचं कुनी उठवलं आसंल?”

मी म्हणालो, “लोकांचं काय, काहीही बोलतात.”

त्यानं कानातली भिकबाळी काढली, मोती बाजूला ठेवला आणि सोनं माझ्यादेखत मुशीत टाकलं. “बगून ठिवा,” म्हणाला. “कुनी इचारलं तर सांगाया येईल.”

मी सांगितलं हो, शपथेवर सांगितलं. पारावर उभा राहून दाढ दाखवली, भिकबाळीचं सांगितलं. माणसं पुन्हा पोट धरधरून हसली. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, मास्तर, ही कावळ्यापरीस झ्याक जमली. उभ्या आयुष्यात एकदा खरं बोललो, ते असं वाया गेलं. राखेची गोष्ट मीच रचली, एवढं एक वाक्य बोललो असतो तर कदाचित पटलं असतं. ते जिभेवर आलं नाही. जीभ दाढेतल्या सोन्यावरून फिरत राहिली...

दहाव्यानंतर दाजीच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. यंत्र कोपऱ्यात होतं, गोणपाटासकट. वहिनी सांगत होत्या, शेवटी तोंडात ठेवायला सोन्याचा कण हवा होता. हात सवयीनं त्याच्या कानाकडं गेला, तर कान मोकळा. मग गळ्यातल्या मंगळसूत्राचा एक मणी तोडून घातला. सोनाराच्या घरात ही वेळ. मला बसवेना. म्हणालो, वहिनी, ती राखेची गोष्ट माझी. मीच उठवली होती.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

“ठावं व्हतं त्यास्नी,” म्हणाल्या. “आन्न आडकत न्हाई न्हवं?”