समजा, बाबा सुखरूप आहेत

आज वर्गात शिकवताना मी फळ्यावर ‘समजा’ लिहिलं आणि ओल्या फडक्याच्या वासाने मला वाशीतल्या जुन्या शिकवणीत नेलं. सर अप्रत्यक्ष सिद्धता शिकवत होते. “जे खोटं पाडायचंय, तेच आधी खरं धरायचं. मग विसंगती आपोआप समोर येते.”

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. “चल गं, आईने बोलावलंय.”

“बाबा आले कळंबोलीच्या कामावरून?”

काकूंनी माझं मनगट धरून मला बाहेर काढलं.

रस्ताभर मी मनात मांडत गेले. समजा, बाबा सुखरूप आहेत. मग काकूंचा हात एवढा गार का? सोसायटीतली माणसं गेटपाशी का जमली आहेत?

जिना चढले. आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. सरांच्या या रीतीत जे समजावं, तेच शेवटी कोसळतं. आणि मी तर बाबा सुखरूप आहेत, हेच खरं धरलं होतं.