अर्धाच कप

नायगावच्या आमच्या टॉवरमध्ये समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ रूळ तपासणाऱ्या गाडीवर कामाला आहेत. आठवडा आठवडा त्यांचा मुक्काम गाडीतच असतो. तिथले बर्थ, गरम पाणी, छोटंसं स्वयंपाकघर यांचं कौतुक ते इतकं करतात, की बायको म्हणते, "मग तिकडेच राहा ना कायमचे!"

घरीही ते गाडीतच असतात. उभे राहिले की पाय फाकवून, एक हात भिंतीला. आणि पाहुण्याला चहा नेहमी अर्धाच कप. "गाडी हलते हो, भरला की सांडतो." आपला टॉवर हलत नाही, हे सांगून आम्ही थकलो. मजल्यावर सगळे त्यांना चिंगूस म्हणतात.

गेल्या रविवारी आईला त्यांच्याकडे नेलं. हात थरथरतात म्हणून तिने लोकांकडे चहा घेणंच सोडलं होतं. वहिनींनी तिच्यापुढे काठोकाठ भरलेला कप ठेवला. त्या गृहस्थांनी तो उचलला आणि अर्धा चहा परत किटलीत ओतला.

"गाडी हलते, मावशी."

"हो रे बाबा," आई हसली, "हल्ली माझीच हलते."

एक थेंब सांडला नाही. रिकामा कप तिने स्वतःच पुढे केला.

"आण आता उरलेला अर्धा."