साडभाऊ आणि पाण्याचा जोर

चंद्रपूरपासून आलापल्लीपर्यंत ज्याच्या घरच्या पाण्याला माझ्या साडभावानं नाव ठेवलं नाही असा एक नातेवाईक दाखवा, मी मिशी उतरवून देतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आलापल्लीकडच्या एका गावात जन्मभर ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम केलं, आता घरी बसला आहे, म्हणजे लोकांच्या घरी बसला आहे. दुसरा पाहुणा आला की पाणी मागतो, हा आला की पाणी तपासतो. चप्पल काढली की सरळ न्हाणीत. नळ पुरता उघडायचा, धारेखाली तळहात धरायचा आणि वैद्यानं नाडी पाहावी तसे डोळे मिटायचे. मग बाहेर येऊन चारचौघांत निकाल द्यायचा. त्याच्या पोरासाठी मुलगी पाहायला आम्ही चिमूरला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, आणि हा कुठं दिसेना. आला तो बाह्या ओल्या करून, आणि मुलीच्या बापाला म्हणाला, "पोरगी लाखात एक हाय जी. पण तुमच्या पाण्याले जोर नाई." बाप काळानिळा पडला. यानं पिशवीतून पाना काढला, नळाचा वॉल खोलला आणि आत अडकलेला गवताचा बोळा काढून त्या बापाच्या हातावर ठेवला. सोयरीक तिथंच जुळली. सून अजून सांगते, "मामंजीनं मले पाह्याच्या आधी आमचा नळ पाह्यला."

ती पिशवी त्याच्या खांद्यावरून उतरत नाही. तिच्यात दोन पाने, सुताची गुंडी, पांढरी टेप आणि एक चार हात लांब, आरपार दिसणारी नळी. ही नळी लोकांना शिकवायला. कोणी म्हणालं की आमची टाकी एवढी मोठी, तरी धार बारीक काऊन, की हा नळीत पाणी भरतो, एक टोक डोक्यावर धरतो, दुसरं गुडघ्याशी. पाणी सर्रकन उडतं. मग वरचं टोक कमरेपर्यंत आणतो, पाणी नुसतं ओघळतं. "पाह्यलं? पाण्याले जोर उंचीचा असते. टाकी मोठी असली म्हणून काय झालं? मोठ्या पोटाचा माणूस काय जास्त पळते?" त्याचं स्वतःचं पोट पिशवीच्या पुढं चालतं, म्हणून माझी साळी आतून ओरडते, "तुमीच पळून दाखवा ना मंग!" तो तिच्याकडं लक्ष देत नाही. त्याचं दुसरं वाक्य तयार असतं, "रोग नळात कमी असते, पाण्याच्या रस्त्यात जास्त."

माझी घरची गेली त्याला आता वर्ष होईल. भेटायला लोक आले, कोणी नशीब म्हणालं, कोणी देवाची इच्छा म्हणालं. देवाची इच्छा होती तर देवानं येऊन माझी भाकर भाजावी, पण ते जाऊ द्या. साडभाऊ आला, माझा हात धरून बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, "सैपाकघरातला नळ लय बारीक वाजून राह्यला." लोकांनी माना फिरवल्या. साळीनं कपाळावर हात मारला. मला मात्र राग आला नाही. एवढ्या माणसांत यानं एकट्यानं घरातलं काही ऐकलं होतं.

त्या नळाचं असं. आमच्याकडं नळाच्या तोंडाला फडकं बांधतात, पाणी गाळून यावं म्हणून. घरचीनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता, हिरवा. गाठ तिच्या हातची. तिच्या हातचं घरात दुसरं काही तसंच्या तसं उरलं नव्हतं. लुगडी पोरी घेऊन गेल्या, लोणचं संपलं. ती गाठ होती तिथं होती. पाणी मात्र दर महिन्याला बारीक होत गेलं. होता होता गुंड, म्हणजे आमचा पाण्याचा हंडा, भरायला पाव घंटा लागू लागला.

साळीनं हे ऐकलं आणि नवऱ्याला पिशवीसकट पाठवून दिलं. मी दारातच सांगितलं, "साडभाऊ, काय करायचं ते करा. त्या फडक्याले हात लावायचा नाई." तो म्हणाला, "नाई लावत." आणि खरंच लावला नाही. न्हाणीतला नळ उघडला, धार दांडग्या बैलासारखी. म्हणजे टाकी ठीक, उंची ठीक, एकच नळ आजारी. शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं. त्यानंही ओळखलंच होतं. पण शब्द दिला होता ना. मग हा दीड माणसाच्या देहानं माळ्यावर चढला, टाकी घासली. वॉल खोलून पाहिला. परसातला पाइप उकरला, वाकणं बदलली, तोंड लावून फुंकला. दोन दिवस माझ्या घरी बिनरोगाचं ऑपरेशन चाललं होतं. शेजारची बाई कुंपणावरून पाहून म्हणाली, "अवं ते फडकं सोडा ना जी, चुन्यानं गच्च झालं असन!" मी तिच्यावर असा खेकसलो की बिचारी आपली कोंबडी विसरून घरात पळाली.

साडभाऊ पायरीवर घाम पुसत बसला. माझ्या घरचीला तो धाकली म्हणायचा. म्हणाला, "साडभाऊ, एक विचारू? धाकली हे फडकं सोडून धुवे का नाई?"

"कायले धुईन? बांधलं की झालं."

"नाई जी. दर आठ-पंधरा दिवसानं सोडा लागते, धुवा लागते, मंग बांधा लागते. नाई तं आपल्या पाण्यातला चुना बसते त्याच्यात."

एवढी वर्षं त्या घरात राहिलो, त्या नळाचं पाणी प्यालो, आणि ती गाठ दर पंधरा दिवसांनी नवी बांधली जाते हे मला कधी दिसलं नाही. मला वाटे एकदाच बांधली.

तो उठला. "फडक्याले हात नाई लावत म्हणलं मी. तोटी काढतो म्हणलं नोतं, पण नाई बी नोतं म्हणलं." वरचा वॉल बंद केला, पाना लावला, आणि फडक्यासकट, गाठीसकट अख्खी तोटी फिरवून काढली. दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली, देवाचा नारळ द्यावा तशी. फडकं दगडासारखं कडक झालं होतं. मी ती देवळीत ठेवली. त्यानं सूत गुंडाळून नवी तोटी बसवली आणि वॉल उघडला, पण तोटी बंद करायला विसरला. जन्मभर गावाला पाणी सोडलेला माणूस! धार त्याच्या पोटावर आदळून माझ्या तोंडावर उडाली. दोघं निथळत उभे. तो म्हणाला, "आता याले जोर म्हणतेत." मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते मोजायला नको.

पण एक गोष्ट त्याला सांगता आली नाही. तो पाव घंटा माझा होता. गुंड भरेपर्यंत मी नळाजवळ बसत होतो आणि घरचीशी बोलत होतो, पोरींचं, दुखण्याचं, भाजीत मीठ जास्त पडल्याचं. आता गुंड दोन गोष्टी होत नाहीत तोच वाहू लागतो. म्हणून मी नळ जरासाच उघडतो.

मागच्या आठवड्यात साडभाऊ न सांगता आला. चप्पल काढून सरळ आत. मी खाली बसलेलो, नळाची धार सुतासारखी. त्याचा हात सवयीनं तोटीकडं गेला, आणि थांबला. पहिल्यांदा त्यानं कोणाच्या पाण्याला काही नाव ठेवलं नाही. पिढा ओढला, माझ्या बाजूला बसला, पिशवी मांडीवर घेतली, आणि गुंड भरेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.