सराफ गल्लीतली धूळ

पेपरात सोन्याचा भाव वाचला की अजूनही माझी मान दाराकडं वळते. नव्वद सालानंतर इंदापूरच्या सराफ गल्लीत माझं कापडाचं दुकान होतं. मी फळ्या काढायच्या आत झारेकरी हजर असायचा. सोनारांच्या दारातली धूळ झाडून न्यायची आणि ती धुऊन सोन्याचे कण काढायचे, हा त्याचा धंदा. माझ्या हातात पेपर दिसला की विचारायचा, "शेठ, आज भाव काय?"

"वाढलाय, तात्या."

"मंग कोपरं बी झाडतो."

जाताना गल्लीच्या तोंडाशी थांबून एकेक पाय उचलायचा आणि तळपाय घमेल्यातच झटकायचा. पायाला चिकटलेला कण तरी का सोडा! मला हसू यायचं.

पुढं गल्लीतल्या लहान सोनारांनी मिळून एकच मोठं दुकान थाटलं. चकचकीत फरशी, काचेची दारं. दागिने पुण्याहून घडवूनच यायला लागले. पहिल्याच सकाळी भाव चांगला चढला होता. त्यानं विचारायच्या आत मीच सांगितला. कुंचा काखेत धरून तो काचेतून आत बघत राहिला.

"शेठ, सोनं लई हाय हितं. पन धूळच न्हाय."

रिकामं घमेलं उचलून तो निघाला. गल्लीचं तोंड आलं. तळपाय झटकायला तो थांबला नाही.