गौरीच्या फुलांचा कंद

आईला गौरीसाठी कळलावीची फुलं हवी होती, म्हणून बाळकुमच्या रानातून कंद आणून मी तिच्या उकडून खायच्या गोल करांद्यांच्या वाफ्यात लावला. तो विषारी असतो, हे बायकोला सांगितलं नाही. देशावरची ती, तिने वेल उपटूनच टाकली असती.

भाद्रपदात लाल-पिवळी फुलं पाहून आई हरखली. "अरे, रानच दारात आणलंस की!"

थंडीत वेल वाळली. एका संध्याकाळी कामावरून आलो, तर बायकोने वाफा खणून सगळे करांदे उकडलेले.

"अहो, एक लांबट निघाला. आईंनीच खाल्ला. कडू होता म्हणे."

आईला उलट्या सुरू झाल्या. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "करांदे."

आई गेली. आपल्याला करांदे नीट उकडता आले नाहीत, असंच बायको अजून समजते.