निवडून पाठवलेल्या जुड्या

आमच्या वाडीतनं कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो, कारण ते खरं आहे आणि ते मला कुणी फुकट दिलेलं नाही. त्याच वर्षांतली ही दुसरी गोष्ट मात्र मी स्वतःहून कधी सांगितली नाही.

आमचे जीवशास्त्राचे प्राध्यापक शहरातले. एकदा त्यांनी वर्गाला रंकाळा तळ्यावर नेलं. बाभळीखालनं एक काळा, तांबड्या पंखांचा पक्षी चालत गेला. मी म्हणालो, "कुंभारकावळा!"

"भारद्वाज म्हणायचं," ते म्हणाले. "आता तू बांधावर नाहीस, कॉलेजात आहेस."

पोरं हसली. तेव्हापासून वर्गात मी तोंड मिटून बसायचो. मनात म्हणायचो, दाखवतो एकदा.

संधी श्रावणात आली. प्रत्येकानं आसपासच्या वीस साध्या वनस्पती वाळवून, कागदावर चिकटवून आणायच्या होत्या. शहरातली पोरं बागेतली जास्वंद आणि सदाफुली शोधत फिरू लागली. मला हसू आलं. कुर्डू, तांदळी, पाथरी, चिवळ, घोळ, केना... आमची आई बांधावरनं घरी येईस्तोवर हे सगळं तिच्या ओच्यात जमा व्हायचं. रविवारी बोर्डिंगात माझी भांडी घासायची पाळी होती, गावी जाणं शक्य नव्हतं. मी आईला पोस्टकार्ड टाकलं: पावसाळ्यात उगवणाऱ्या सगळ्या भाज्यांची एकेक जुडी डब्याबरोबर पाठव, कॉलेजात पाहिजेत. गावातल्या मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं. मुळासकट, फुलासकट पाहिजे, हे लिहायचं मला सुचलंच नाही.

एसटीनं भाकरीचा डबा आला, तो वनस्पती वर्गात जमा करायच्या आदल्या दिवशी. बरोबर ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. आत वीस जुड्या, प्रत्येक केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेली. मुळं कापलेली. जून देठ, किडकं पान, तुरे, बोंडं, सगळं खुडून टाकलेलं. वर दोन-तीन पाण्यांनी धुतलेलं. कॉलेजातल्या मोठ्या लोकांना द्यायची म्हणून तिनं ती निवडली होती, पंगतीसाठी निवडावी तशी.

वाळवायला सवड नव्हती. जाड वह्यांखाली दाबली, चिकटवली आणि नेली.

प्राध्यापकांनी ओलसर कागद दोन बोटांत धरला. "हे कुठल्या मंडईतनं आणलंस?"

आईनं दिलीय, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो सर. एका भाजीवालीकडनं घेतली."

"मग तिला सांग, फोडणी राहिली म्हणावं!"

सगळा वर्ग खदाखदा हसला. मीपण हसलो. हे लिहिताना हात अडतो, पण मी हसलो.

त्या जुड्या मी कागदांसकट कॉलेजमागच्या ओढ्यात टाकल्या. सरांनी परत आणायला मुदत दिली. पुढच्या रविवारी रंकाळ्याकाठी खुरपं घेऊन बसलो आणि सगळ्या वनस्पती मुळासकट उपटून आणून नीट वाळवल्या. त्यांना वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. कागद काचेच्या कपाटात लागले, खाली इंग्रजीत माझं नाव.

सुट्टीत आईनं विचारलं, "आली का रं कामाला?"

"आली की. काचंच्या कपाटात लावलीया."

संध्याकाळपर्यंत ही बातमी विहिरीवर पोचली होती.

बी.एस्सी. झालो तेव्हा आई पहिल्यांदा कॉलेज बघायला आली. इमारत बघितली नाही, घंटा बघितली नाही. म्हणाली, "कपाट कुठं हाय?"

मी नेलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाला येत होता. काचेला नाक लावून तिनं एकेक कागद बघितला.

"ह्यो कुर्डू. ही पाथरी. आन् हे मुळासकट? बी धरल्यालं? कुणी दिली ही? निवडायचं वळण न्हाय व्हय त्या बाईला?"

"आई, ही मी आणलीया."

"आन् माझी?"

"फेकली."

"का?"

"चालली न्हाय. मुळं पायजे होती."

"मग तवाच सांगायचं की! दुसरी दिली असती मुळासकट. माझ्या बांधाला काय मुळांचा दुष्काळ हाय?" आवाज चढला तसा पलीकडच्या खोलीतला शिपाई डोकावला. "तीन वरसं सगळ्या वाडीला सांगतीया, माझी भाजी कालिजात काचंत हाय म्हणून. आता काय सांगू?"

मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "हाय म्हणूनच सांग की. कोण बघायला येतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "लबाड बोलायला तू शिकलास. मी न्हाय."

आणि ती बोलल्याप्रमाणं वागली. गावी उतरल्यावर विहिरीवर गेली आणि सगळ्या बायांना सरळ सांगून टाकलं, पोरानं भाजी फेकली.

पदवीबद्दल मला हार घातलेल्या त्याच वाडीत पुढं कित्येक वर्षं मी एसटीतनं उतरलो, की कुणीतरी बाई हंडा कमरेवर घेऊन विचारायची, "काय रं साहेब, आज काय फेकून आलास?" सगळ्या हसायच्या. आई त्यांच्यात उभी असायची. ती हसायची नाही, आणि त्यांना गप्पही करायची नाही.